रोवणी आटोपल्यावर युरोप

शेंगेन व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता विचारणारा एक रकाना असतो. पाठीवर सॅक टाकायची, मनाला येईल त्या गावात उतरायचं, आवडलं तर दोन दिवस जास्त राहायचं, नाही आवडलं तर पुढची गाडी धरायची, या स्वप्नाची पहिली गाठ त्या रकान्याशीच पडते. वकिलातीला एकूण एक रात्रीचा हिशेब हवा असतो. कोणत्या तारखेला कोणत्या शहरात, कोणत्या छताखाली, तिथून पुढे कशाने, आणि शेवटी घरी परत कधी. मोकळं फिरायला निघालेल्या नवराबायकोला आधी कारकुनी नेमकेपणानं सगळं लिहून द्यावं लागतं. युरोपातल्या बॅकपॅकिंग हनिमूनचं अवघड काम आल्प्समध्ये नसतं, ते घरच्या टेबलावर असतं. आणि ते टेबल आमगावात असेल तर त्या कामाला आणखी दोन-चार पदर सुटतात.

आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, हावडा-मुंबई लोहमार्गावरचं. भोवती धानाची बांधी, राइस मिलची धुराडी, पूर्वेला सालेकसा-दरेकसाचे डोंगर आणि त्यापलीकडे छत्तीसगड. बोली झाडी, बाजारात हिंदी, पुष्कळ घरांत पोवारी. इथून मुंबई गाठायची तर राज्याची सगळी रुंदी ओलांडावी लागते. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत सोडते. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेसला तर तेराशेहून जास्त किलोमीटर कापायला एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात, आणि एवढं करूनही माणूस महाराष्ट्रातच असतो. प्रागहून सकाळी निघालेली गाडी साधारण सात तासांत बुडापेस्टला पोचते. मधे चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे तीन देश होतात. लांबच्या रेल्वेप्रवासाचा सराव हे गोंदियाकरांचं भांडवल आहे, ते कमी लेखू नये.

जोडप्यानं पायी हिंडावं, ओझं वाहावं आणि मागाहून चित्रं पाहत ते दिवस आठवावेत, ही कल्पना या मातीला परकी नाही. आमगावाजवळच्या पदमपूरला भवभूतीचं जन्मगाव मानतात. त्यानं स्वतःच्या नाटकात सांगितलेलं दक्षिणापथातलं पद्मपूर ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयाला नावही भवभूतीचंच आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक म्हणजे राम-सीतेनं आपल्याच वनवासाची चित्रं पाहण्याचा प्रसंग. गोदावरीकाठच्या बोलण्यात सरलेल्या रात्री दोघांना आठवतात आणि सीतेला पुन्हा त्या रानात जावंसं वाटतं. पुढे त्या इच्छेचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पण फोटो बघता बघता पुढची सहल ठरण्याची रीत किमान बाराशे वर्षं जुनी आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं.

मराठी माणसाला जोडीनं पाहिलेला युरोप छापील रूपात भेटला तो 'अपूर्वाई'तून. पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये बीबीसीत प्रशिक्षणाला गेले तेव्हा सुनीताबाईंशी त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. पुस्तक १९६० साली आलं. नंतर केसरी (१९८४) आणि वीणा वर्ल्ड (२०१३) यांच्यासारख्या मराठी कंपन्यांनी युरोप मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. सोबत मराठी टूर मॅनेजर, पोटाला ओळखीचं जेवण आणि बसमधल्या गाण्याच्या भेंड्या. त्या सहलींना नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा स्वतः सगळा खटाटोप करून बघावा. पंधरा दिवसांत आठ देश दाखवायचे तर बस, झेंडा घेतलेला मार्गदर्शक आणि पहाटे पाचचा गजर यांना पर्याय नाही. सॅकवाल्यांची फसगत होते ती इथेच. ते ग्रुप टूरची देशांची यादी तशीच उचलतात आणि ती स्वतः, गाड्या बदलत, ओझं वाहत पुरी करायला निघतात. मग हनिमूनचा निम्मा वेळ फलाटावर जातो.

तेव्हा पहिलं काम देश कमी करण्याचं.

नवख्यांसाठी उत्तम मार्ग प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून गाडीनं तासाभरावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं. चार देशांच्या राजधान्या होतात आणि मुक्काम फक्त दोनदा हलतो. १९१८ पर्यंत ही चारही शहरं एकाच ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होती. त्यामुळे स्टेशनं, कॉफीघरं, केकची दुकानं यांच्यात घरोबा दिसतो आणि भाषा मात्र चार. नाणी तीन तऱ्हेची: चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो. जाताना विमान प्रागला उतरणारं आणि येताना बुडापेस्टहून उडणारं घेतलं की मागे फिरण्याचा दिवस वाचतो. हे तिकीट दोन तुटक तिकिटांसारखं न काढता एकाच आरक्षणात काढावं.

आता व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं खेडं. १४ जून १९८५ रोजी 'प्रिन्सेस मारी-अस्त्रिद' या बोटीवर पाच देशांनी तिथे करारावर सह्या केल्या आणि २६ मार्च १९९५ पासून सीमा प्रत्यक्षात उघडल्या. आज या करारात २९ देश आहेत. त्याच १९९५ च्या ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' लागला आणि युरोपातली रेल्वे आपल्याकडच्या प्रेमाच्या नकाशावर कायमची चढली. राज आणि सिमरनची गाडी जिथे चुकते ते स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये २००८ मध्ये आलं. ब्रिटन आणि आयर्लंड आजही बाहेर आहेत, त्यांचा व्हिसा निराळा. लंडनही 'जाता जाता' जोडू म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम साधा आहे. जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी पाऊल पडणार त्याच्याकडे. प्रागला चार रात्री, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला तीन असा बेत असेल तर अर्ज चेकियाचा. अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तिथल्या खोट्या रात्री दाखवायच्या आणि फिरायचं भलतीकडे, हा सल्ला देणारे एजंट गावोगाव आहेत. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं आरक्षण मागितलं की तो सल्ला अंगाशी येतो.

शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले दीड लाखांवर नाकारले गेले. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करायचा असतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा.

खरी गंमत पुढे आहे. धान पिकवणाऱ्या घराची मिळकत शेंगेनच्या साच्यात नीट बसत नाही. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, त्यामुळे घरी वीस एकर असली तरी विवरणपत्रात करपात्र आकडा दिसत नाही. आधारभूत केंद्रावर धान दिलं की पैसा खात्यात येतो, पण एकदम, हंगामाला. वर लग्नातला आहेर. तो नोटांच्या पुडक्यांनी खात्यात भरला की विवरणातली शिल्लक एका दिवसात दुप्पट होते, आणि व्हिसा अधिकाऱ्याला नेमकी हीच गोष्ट खटकते. उसने पैसे टाकून फुगवलेलं खातं आणि आहेरानं फुगलेलं खातं कागदावर सारखंच दिसतं.

उपाय आहेत, फक्त ते आधी सुचायला हवेत. सातबाराचं इंग्रजी भाषांतर, धानविक्रीच्या पावत्या, मिल किंवा दुकान असेल तर त्याची जीएसटी नोंदणी, आणि एक पानभर पत्र. त्या पत्रात कोणती रक्कम कुठून आली हे सरळ सांगायचं. आहेर थोडा उशिरा भरला तर बिघडत नाही, पण प्रवासाचा खर्च आधीपासून साठत आलेल्या पैशातून भागेल असं दिसलं पाहिजे. दोघांपैकी कुणी नोकरीत असेल तर पगाराची पावती आणि रजेचा मंजूर अर्ज या दोन कागदांचं वजन इतर दहा कागदांहून जास्त. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्यांना किंवा कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याला परदेशी जाण्याची पूर्वपरवानगी काढावी लागते. ती फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस बसेल हे सांगणारा ज्योतिषी अजून जन्माला यायचाय.

नावाचाही घोळ होतो. घरातला उत्साही दीर वहिनीचं विमानाचं तिकीट नव्या आडनावानं काढतो, आणि पासपोर्टवर असतं माहेरचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. हनिमूनपुरतं तरी जुनंच ठेवावं आणि तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज, हॉस्टेलचं आरक्षण सगळं त्याच नावानं, त्याच स्पेलिंगनं करावं. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी असावा, पण तो मिळणार लग्नानंतर. इथेच तारखांचं गणित अडतं.

झाडीपट्टीत लग्नांचा भर उन्हाळ्यात असतो, एप्रिल-मेमध्ये, शेतं रिकामी असतात तेव्हा. लग्न मेच्या पहिल्या पंधरवड्यात, मग सत्यनारायण, देवदर्शन, मांडवपरतणी, नंतर नोंदणीचा दाखला, मग व्हिसाकेंद्राची तारीख, वर पंधरा ते पंचेचाळीस दिवस. तोवर जुलै उजाडतो. उन्हाळ्यात व्हिसाकेंद्रांतल्या तारखा आधीच संपलेल्या असतात, युरोपातली भाडी चढलेली असतात आणि इकडे मृगानंतर पऱ्हे टाकून झालेले असतात. रोवणी तोंडावर आलेली असताना घरचा कर्ता पोरगा व्हिएन्नाला, हे आमगावच्या चौकात पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. लग्नाआधीच दोघांनी आपापल्या कागदांवर स्वतंत्र अर्ज करायचा आणि सोबत लग्नपत्रिका जोडायची, हा एक मार्ग आहे. नोकरदारांना तो जमतोही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मात्र सरळ सप्टेंबर धरावा.

रोवणी जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला आटोपते. कापणी दिवाळीच्या आगेमागे. मधला काळ पाणी, खत आणि किडीवर लक्ष ठेवण्याचा, म्हणजे वडील आणि भाऊ सांभाळू शकतात असा. मेमधलं लग्न आणि सप्टेंबरमधला प्रवास यांच्यात चार महिने मिळतात. दाखला येतो, खातं स्थिरावतं, परवानगीची फाइल हलते. युरोपात शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते, हवा सुखाची असते. अडचण उरते गणपती आणि पितृपक्षाची. गौरी-गणपतीला नवी सून घरात हवी, आणि पितृपक्षात हनिमूनला निघणं आजीला रुचणार नाही. त्या वर्षीचं पंचांग समोर ठेवून तारखा काढाव्या लागतात. शेंगेनच्या नियमांत पितृपक्षाची तरतूद नाही.

मुक्कामाच्या रकान्याकडे परत यायला हवं, कारण मोकळेपणाची किल्ली तिथेच आहे. हॉस्टेलं आणि छोटी हॉटेलं आरक्षण फुकट रद्द करण्याची मुभा देतात. ती मुभा असलेलीच आरक्षणं काढावीत आणि विमानाचं तिकीटही व्हिसा हाती येईपर्यंत पक्कं करू नये. व्हिसा मिळाल्यावर बेतात एखादा दिवस इकडचा तिकडे करणं वेगळं, अख्खा देशच बदलणं वेगळं. पहिल्याला कुणी हरकत घेत नाही. अनुभवी भटके तीन शहरं पक्की ठेवतात आणि प्रत्येक शहरात एक दिवस कोरा सोडतात. प्रागहून कुत्ना होराला जायचं की नुसतं व्ल्तावा नदीच्या काठी लोळायचं, हे त्या दिवशी सकाळी ठरवता येतं. एवढा मोकळेपणा पुष्कळ झाला.

हॉस्टेल या प्रकाराबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. रिचर्ड शिर्मान या जर्मन शिक्षकाला ही कल्पना १९०९ मध्ये सुचली. पोरांना घेऊन पायी सहलीला निघालेला असताना वादळी पावसानं गाठलं आणि रात्र एका शाळेच्या खोलीत काढावी लागली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवावसतिगृह उघडलं. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशन १९४९ पासून आहे आणि तिच्या हिमालयातल्या ट्रेकमुळे हजारो मराठी घरांना स्लीपिंग बॅग ठाऊक झाली. आजच्या युरोपीय हॉस्टेलांत आठ-दहा खाटांच्या खोल्यांबरोबर दोघांसाठी स्वतंत्र खोल्याही असतात. नवपरिणितांनी त्याच घ्याव्यात, काटकसर दुसरीकडे करावी. पैसे वाचतात ते सामाईक स्वयंपाकघरात. कुलूप स्वतःचं न्यावं, कारण लॉकर असतो पण कुलूप बहुतेक ठिकाणी नसतं.

युरेल पासचं नाव ऐकून तो घ्यायलाच हवा असं पुष्कळांना वाटतं. १९५९ मध्ये युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी तो निघाला आणि आता ३३ देशांत चालतो. महिनाभर भटकणाऱ्याला तो सोन्यासारखा. तीन शहरांच्या बेताला मात्र सुटी तिकिटं, आधी काढली तर, स्वस्त पडतात. प्राग-व्हिएन्ना मार्गावर चेक आणि ऑस्ट्रियन रेल्वेबरोबर रेजिओजेट ही खासगी कंपनीही धावते, त्या चढाओढीचा फायदा प्रवाशाला मिळतो. फ्रान्समधल्या किंवा इटलीतल्या वेगवान गाड्यांत तर पास असूनही जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटक नाही, कुणी अडवत नाही, आणि त्यामुळेच तिकीट काढायला माणूस विसरतो. प्रागमध्ये कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारल्याशिवाय ते सुरू होत नाही. साध्या कपड्यातला तपासनीस 'नवीन आहोत' ही सबब ऐकून घेत नाही.

ज्यांना चार दिवस जास्त मिळतील त्यांनी, आणि विशेषतः धानाच्या घरातल्यांनी, व्हिएन्नाहून नाइटजेट या रात्रीच्या गाडीनं व्हेनिसला उतरावं. दोघांपुरता बंद कक्ष मिळतो. तिथून मिलान, आणि मिलान-तोरिनो मार्गावर व्हर्चेल्ली. हनिमूनच्या कुठल्याही यादीत हे गाव नसतं. पण इटलीचं गोंदिया म्हणावं असं ते आहे. तिथे तांदळाचा स्वतंत्र बाजार भरतो. भोवतीच्या बांध्यांना पो नदीचं पाणी देणारा कावूर कालवा १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत खणला गेला. या शेतांत निंदणीला आणि रोवणीला दूरदूरच्या गावांहून बाया येत, गुडघाभर पाण्यात वाकून, गाणी म्हणत. त्यांना मोंदिने म्हणत. १९०६ मध्ये व्हर्चेल्लीच्या बायांनी लढून आठ तासांचा दिवस मिळवला. १९४९ चा 'रीझो आमारो' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. आता तिथे वाकलेली बाई दिसत नाही, पेरणीपासून कापणीपर्यंत यंत्रं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिकडे हार्वेस्टर चालू होतात, तेव्हा इकडे आमगावात धान अजून हिरवं, लोंबीवर असतं. शाकाहारी माणसानं तिथला प्रसिद्ध पानिस्सा मागवू नये, त्यात राजम्यासारख्या दाण्यांबरोबर डुकराचं मांस असतं. साधा रिझोत्तोही मांसाच्या रश्शात शिजवतात, तेव्हा विचारूनच घ्यावा.

प्रवेशाच्या वेळी ऑक्टोबर २०२५ पासून नवी यंत्रणा आली आहे. बाहेरच्या प्रवाशाची नोंद चेहऱ्यावरून संगणकात होते, शिक्के मागे पडत चालले आहेत. चार देशांचे चार शिक्के पासपोर्टवर गोळा करण्याची हौस असेल तर ती आधीच सोडलेली बरी, कारण शेंगेनच्या आत सीमेवर शिक्का पूर्वीही नव्हता. पासपोर्ट मात्र अंगावर हवा. जर्मनीसारख्या देशांनी अलीकडे जमिनीवरच्या सीमांवरही तात्पुरती तपासणी सुरू केली आहे आणि गाडीत पोलीस चढतात.

सॅक भरताना शेवटचा वाद आईशी होतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तुपातले लाडू घरीच राहणार. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेलातल्या चकल्या चालतात. ताज्या फळांना रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तेव्हा मामीनं ओटीत घातलेला नारळ प्रागच्या जकातीत अडणार नाही. अडलाच तर आपल्याकडच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीत. सुकं खोबरं पेटतं म्हणून बॅगेत नेऊ देत नाहीत. आणि स्वस्त विमानाच्या केबिनमध्ये सॅकचं माप आणि वजन दोन्ही मोजतात, त्यात अर्धा किलोचा नारळ बसवायचा की पावसाळी जाकीट, हे निघण्याच्या आदल्या रात्री ठरतं.